डोळ्याच्या कांचेला येणारें टोंक

पौर्णिमेची रात्र आहे. शहरांतील एका इमारतीच्या गच्चीवर घरचीं माणसें जेवणानंतर वाऱ्याला बसलीं आहेत. सतरा वर्षांचा मुलगा आकाशाकडे पाहतां पाहतां सहज म्हणतो, "आई, चंद्राच्या खालीं मला आणखी दोन चंद्र दिसतात. पुसट आहेत, पण आहेत." आई हसते. वडील म्हणतात, "रात्रीं दोन दोन वाजेपर्यंत मोबाइल पाहिलास, तर दोनच काय, दहा चंद्र दिसतील!" धाकटी बहीण डोळे चोळीत चोळीत विचारते, "दादा, मला एकच कसा दिसतो?" आणि विषय तेथेंच संपतो.

श्रोत्यांनीं असें एक घर क्षणभर डोळ्यांसमोर आणावें. तें काल्पनिक आहे; परंतु नेत्रवैद्याच्या दवाखान्यांत जीं घरें रोज येतात त्यांहून तें फारसें निराळें नाहीं. या मुलाच्या चष्म्याचा नंबर गेल्या दीड वर्षांत तीन वेळां बदलला आहे. पहिल्या वेळीं दोष चष्म्याच्या दुकानदाराला दिला गेला, दुसऱ्या वेळीं मुलाच्या जागरणाला, आणि तिसऱ्या वेळीं त्याच्या अभ्यासाच्या कंटाळ्याला. दोष यांपैकीं कोणाचाच नव्हता. मुलाच्या डोळ्याची कांच हळूहळू आपला आकार सोडीत होती. या विकाराला वैद्यकांत केराटोकोनस असें म्हणतात. त्याच्यापायीं माणूस सहसा ठार आंधळा होत नाहीं; परंतु ऐन शिक्षणाच्या आणि उमेदीच्या वयांत तो दृष्टीचा मोठा भाग हिरावून घेऊं शकतो. आणि जें गेलें त्यापेक्षां जें राहिलें आहे तें राखणें पुष्कळ सोपें असल्यामुळें, या रोगांत औषधाइतकेंच महत्त्व वेळेला आहे.

डोळ्याची कांच म्हणजे काय, हें प्रथम पाहिलें पाहिजे. बुबुळाच्या काळ्या किंवा तपकिरी रंगावर, घड्याळाच्या तबकडीवर कांच असावी तसा, एक अगदीं पारदर्शक पडदा बसविलेला असतो. त्याला स्वच्छमंडल किंवा कॉर्निया असें नांव आहे. त्याची रुंदी साडेअकरा मिलिमीटरांच्या आसपास, आणि मध्यभागीं जाडी जेमतेम अर्धा मिलिमीटर. एवढ्याशा पडद्याचें काम मात्र मोठें. चष्म्याचा नंबर ज्या डायॉप्टर या मापानें सांगतात त्याच मापानें मोजलें, तर डोळ्याची प्रकाश वळविण्याची एकूण शक्ति सुमारें साठ भरते. त्यांतील त्रेचाळीसच्या आसपास शक्ति एकट्या स्वच्छमंडलाची असते. आंतल्या भिंगाचा वाटा त्याहून लहान. म्हणूनच स्वच्छमंडलाच्या गोलाईंत केसभर फरक पडला, तरी तो दृष्टींत हातभर दिसतो.

हा पडदा बनतो कोलॅजन नांवाच्या प्रथिनाच्या अतिसूक्ष्म तंतूंचा. तंतूंचे दोनशेंहून अधिक थर एकावर एक रचलेले असतात, आणि त्यांतील अंतर इतकें सारखें राखलेलें असतें कीं, प्रकाश त्यांतून न अडखळतां आरपार जातो. त्यांत रक्तवाहिन्या नाहींत. त्या असत्या तर पारदर्शकता राहिली नसती. लागणारा प्राणवायु हा पडदा अश्रूंच्या द्वारें बाहेरच्या हवेंतून घेतो, आणि बरेंचसें पोषण आंतल्या द्रवांतून. डोळ्याच्या आंत सतत कांहीं दाब असतो. हा दाब पडद्याला बाहेर ढकलीत असतो, आणि तंतूंची परस्परांतील बांधणी त्याला जागच्या जागीं धरून ठेवीत असते. निरोगी डोळ्यांत हा तोल आयुष्यभर टिकतो.

केराटोकोनसमध्यें ही बांधणी सैल पडते. बहुधा मध्यबिंदूच्या किंचित् खालच्या बाजूला पडदा पातळ होऊं लागतो, आणि आंतील दाबानें तो भाग पुढें येतो. गोल घुमटाच्या जागीं शंकु तयार होतो. रोगाचें नांवही यावरूनच पडलें. ग्रीक भाषेंत ‘केरास’ म्हणजे शिंग आणि ‘कोनोस’ म्हणजे शंकु. इंग्लंडांतील लिव्हरपूल शहरचे डॉक्टर जॉन नॉटिंगहॅम यांनीं १८५४ सालीं या विकारावर स्वतंत्र ग्रंथ लिहून त्याचें सविस्तर वर्णन केलें. पुढें १८६९ सालीं स्विस नेत्रवैद्य योहान हॉर्नर यांच्या लेखनांत ‘केराटोकोनस’ हें नांव आलें, व तेंच रूढ झालें.

शंकूमुळें दृष्टीचें नेमकें काय होतें? जुन्या वाड्यांतल्या खिडकीची लहरी कांच पुष्कळांनीं पाहिली असेल. तिच्यांतून रस्त्यावरचा खांब वांकडा दिसतो, आणि मान जरा हलविली कीं तो दुभंगतो. तसेंच कांहींसें येथें घडतें. प्रकाशाचे किरण एका बिंदूवर न मिळतां अनेक ठिकाणीं पडतात. त्यामुळें एका अक्षराच्या मागें त्याची सांवली दिसते, दिव्याभोंवतीं तुरे फुटतात, चंद्राखालीं चंद्र दिसतात. एक डोळा झांकला तरी ही दुहेरी प्रतिमा राहते, ही लक्षांत ठेवण्यासारखी खूण आहे. कारण दोन डोळ्यांचा मेळ बिघडल्यामुळें जें दोन दोन दिसतें, तें एक डोळा झांकतांच नाहींसें होतें. चष्म्याच्या कांचेनें सरळ, नियमित बांक भरून काढतां येतो. अनियमित बांक मात्र कोणत्याही चष्म्याला पुरा पेलत नाहीं. म्हणूनच या रोग्याचा तिरका नंबर, ज्याला दुकानदार सिलिंड्रिकल नंबर म्हणतात, वाढत जातो, आणि नवा चष्मा आठ दिवसांतच जुन्यासारखा वाटूं लागतो.

हा रोग बहुधा वयांत येण्याच्या सुमारास सुरू होतो, आणि तिशी-चाळिशीपर्यंत कमीअधिक वेगानें वाढतो. पुढें वयाबरोबर पडदा आपोआप ताठ होत जातो, व वाढ बहुधा मंदावते. लहान वयांत सुरू झालेला रोग अधिक वेगानें पुढें जातो. तो दोन्ही डोळ्यांत असतो. परंतु एक डोळा आधीं बिघडतो व दुसरा मागाहून. यामुळेंच फसगत होते. चांगला डोळा काम चालवून घेतो आणि वाईट डोळ्याची तक्रार घरापर्यंत पोंचतच नाहीं.

हा विकार अत्यंत दुर्मिळ आहे, असें एके काळीं मानलें जात असे. अमेरिकेंतील मिनेसोटा संस्थानच्या एका भागांत अठ्ठेचाळीस वर्षांच्या नोंदी पाहून १९८६ सालीं जो हिशेब प्रसिद्ध झाला, त्यांत एक लाख लोकांमागें सुमारें चोपन्न रोगी आढळले होते. महाराष्ट्रांतील चित्र निराळें आहे. नागपूरच्या परिसरांतील खेड्यांमध्यें तीस वर्षांवरील ४६६७ माणसांचे डोळे तपासण्यांत आले, व त्याचे निष्कर्ष २००९ सालीं प्रसिद्ध झाले. त्यांत शंभरांपैकीं दोनांहून अधिक लोकांच्या, नेमकें सांगावयाचें तर २.३ टक्के लोकांच्या, स्वच्छमंडलाचा बांक ठरविलेल्या मर्यादेपलीकडे गेलेला आढळला. दोन्ही ठिकाणच्या मोजणीची रीत सारखी नव्हती, म्हणून हे आंकडे एकमेकांशेजारीं ठेवून गुणाकार-भागाकार करणें योग्य होणार नाहीं. तरीपण हा रोग आपल्या दारीं कधीं येतच नाहीं, असें मानून स्वस्थ बसण्यास आतां आधार उरलेला नाहीं.

त्याचें कारण काय, या प्रश्नाला एका शब्दांत उत्तर नाहीं. कांहीं घराण्यांत तो पिढीजात दिसतो. रोग्याच्या सख्ख्या भावंडांत व मुलांत त्याचा संभव इतरांपेक्षां अधिक असतो. डाउन सिंड्रोम असलेल्या मुलांमध्येंही तो अधिक आढळतो. याखेरीज एक कारण असें आहे कीं, तें प्रत्येक घरांत डोळ्यांदेखत घडत असतें आणि कोणाच्या लक्षांत येत नाहीं. तें म्हणजे डोळे चोळणें. ज्यांना ॲलर्जी आहे, धुळीनें किंवा उन्हाळ्याच्या दिवसांत ज्यांच्या डोळ्यांना विलक्षण खाज सुटते, अशीं मुलें मुठी वळून, बोटांच्या सांध्यांनीं, मिनिट मिनिट डोळे रगडतात. आधींच सैल असलेल्या तंतूंवर हा आघात पुनः पुनः होत राहतो. केवळ चोळण्यानेंच रोग उत्पन्न होतो कीं असलेला रोग त्यानें वाढतो, याविषयीं तज्ज्ञांत मतभेद आहे. परंतु चोळणें थांबविलेंच पाहिजे, याविषयीं मतभेद नाहीं.

नुसतें ‘चोळूं नकोस’ म्हणून मात्र तें थांबत नाहीं. खाज थांबली पाहिजे. थंड पाण्यांत भिजवून पिळलेल्या स्वच्छ रुमालाची घडी मिटलेल्या डोळ्यांवर ठेवल्यानें बराच आराम पडतो, आणि ॲलर्जीवर नेत्रवैद्यानें लिहून दिलेले थेंब दीर्घकाळ वापरतां येतात. येथें एक धोका सांगणें अवश्य आहे. मागें कधीं तरी दिलेले स्टेरॉइडचे थेंब दुकानांतून परस्पर आणून महिनोन् महिने घालण्याची चाल पुष्कळ घरांत आहे. त्या थेंबांनीं खाज तत्काळ जाते खरी, परंतु वैद्याच्या देखरेखीवांचून ते चालू राहिले, तर कांचबिंदु आणि मोतीबिंदु हे दोन नवे शत्रु घरांत येतात.

रोगाचें निदान आतां कठीण राहिलेलें नाहीं. पोर्तुगीज वैद्य आंतोनियु प्लासिदु यांनीं १८८० सालीं काळ्या-पांढऱ्या वर्तुळांची एक तबकडी तयार केली. ती डोळ्यासमोर धरली कीं वर्तुळांचें प्रतिबिंब स्वच्छमंडलावर पडतें. पडदा नीट असेल तर तीं गोल दिसतात, शंकु असेल तर वेडींवांकडीं. याच कल्पनेवर उभारलेलें आजचें यंत्र स्वच्छमंडलाचा रंगीत नकाशाच काढून देतें. या तपासणीला टोपोग्राफी म्हणतात. दुसऱ्या यंत्रानें जागोजागची जाडी आणि मागच्या पृष्ठाची ठेवणही मोजतां येते. तपासणींत दुखत नाहीं आणि वेळही थोडा लागतो. जो कॉन्टॅक्ट लेन्स वापरतो त्यानें मात्र वैद्य सांगेल तितके दिवस ती काढून ठेवून मगच तपासणीस जावें. नाहीं तर लेन्सच्या दाबानें मापें चुकतात. आणि एकच नकाशा पुरेसा नसतो. रोग पुढें सरकतो आहे कीं थांबला आहे, हें कांहीं महिन्यांच्या अंतरानें काढलेले दोन नकाशे शेजारीं ठेवल्यावर कळतें. जुने कागद जपून ठेवणें हा म्हणूनच उपचाराचाच एक भाग होय.

उपचाराच्या बाबतींत घरोघर एक घोंटाळा होतो. येथें प्रश्न दोन आहेत व ते निरनिराळे आहेत. पहिला, रोगाची वाढ कशी थांबवावी? दुसरा, आज असलेल्या डोळ्यानें अधिक चांगलें कसें दिसावें? एकाचें उत्तर दुसऱ्याला चालत नाहीं.

पहिल्या प्रश्नाला विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत उत्तरच नव्हतें. रोग वाढत जाई, आणि वैद्य व रोगी दोघेही तो थांबण्याची वाट पाहत. जर्मनींतील ड्रेस्डेन येथें एक निराळी युक्ति शोधली गेली. स्वच्छमंडलावर रिबोफ्लेविन म्हणजे ब-२ जीवनसत्त्वाचे थेंब घालावयाचे, आणि तें भिनल्यावर त्यावर ठराविक शक्तीचे अतिनील किरण सोडावयाचे. दोहोंच्या संयोगानें कोलॅजनच्या तंतूंमध्यें नवे बंध तयार होतात आणि सैल पडदा घट्ट होतो. याला क्रॉस-लिंकिंग म्हणतात. वोलेन्साक, श्पेर्ल आणि झायलर या तिघांनीं २००३ सालीं बावीस रोग्यांच्या तेवीस डोळ्यांचे परिणाम प्रसिद्ध केले. त्या सर्व डोळ्यांत रोगाची वाढ थांबली होती. अमेरिकेच्या औषध-नियामक खात्यानें २०१६ सालीं या उपचारास मान्यता दिली.

मूळच्या रीतींत थेंबांना अर्धा तास आणि किरणांना अर्धा तास लागतो. अलीकडे अधिक तीव्र प्रकाशानें हा वेळ कमी करतात. वरचा नाजुक थर प्रथम दूर करीत असल्यामुळें दोनतीन दिवस डोळा चांगलाच दुखतो, पाणी येतें, उजेड सहन होत नाहीं. जंतुसंसर्गाचा किंवा पडद्यावर धूसरपणा राहण्याचा थोडा धोका असतो. आंतल्या थराला किरणांची इजा होऊं नये म्हणून पडद्याची जाडी निदान चारशें मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचे चार दशांश, असावी लागते. त्याहून पातळ डोळ्यांसाठीं वेगळी काळजी घ्यावी लागते. पुढील अनुभवानें असेंही दाखविलें आहे कीं, बहुतेक डोळ्यांत वाढ थांबते, तरी थोड्या डोळ्यांत, विशेषतः लहान मुलांच्या, ती पुन्हां सुरू होऊं शकते. आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट ही कीं, क्रॉस-लिंकिंगनें चष्मा जात नाहीं. भिंतीला धीरा दिल्यानें ती पडत नाहीं; पण गेलेली तड बुजत नाहीं. हें आधीं समजून न घेतल्यामुळें पुष्कळ घरें उपचार यशस्वी होऊनही निराश होतात.

दुसऱ्या प्रश्नाला मात्र उत्तरें पुष्कळ आहेत. आरंभीं साधा चष्मा पुरतो. तो पुरेनासा झाला कीं कडक कॉन्टॅक्ट लेन्स उपयोगी पडते. लेन्स आणि वेडावांकडा पडदा यांच्यामधली पोकळी अश्रूंनीं भरून निघते, आणि प्रकाशाला पुढें नवें, गुळगुळीत पृष्ठ मिळतें. ही कल्पना जुनी आहे. झुरिचचे आडोल्फ फिक यांनीं डोळ्यावर बसविण्याच्या कांचेच्या भिंगांविषयीं १८८८ सालीं लिहिलें, आणि त्याच सुमारास पॅरिसमध्यें यूजीन काल्ट यांनीं केराटोकोनसच्या रोग्यांवर तसाच प्रयत्न केला. आजचीं भिंगें प्राणवायु आरपार जाऊं देणाऱ्या द्रव्याचीं असतात. ज्यांना लहान कडक लेन्स टोंचते त्यांच्यासाठीं मोठी स्क्लेरल लेन्स असते. ती स्वच्छमंडलाला न टेकतां डोळ्याच्या पांढऱ्या भागावर विसांवते. लेन्स घालण्यापूर्वीं हात साबणानें धुवून कोरडे करणें, लेन्सला नळाचें पाणी कधींही न लावणें, आणि ती घालून न झोंपणें, हे तीन नियम मोडले तर मिळालेली दृष्टि जंतूंच्या स्वाधीन होते.

यानेंही भागत नसेल, पडद्यावर व्रण पडला असेल, तर शेवटचा उपाय स्वच्छमंडलाच्या रोपणाचा. मोराव्हियांतील ओलोमोउत्स येथें ७ डिसेंबर १९०५ रोजीं डॉक्टर एडुआर्ड झिर्म यांनीं चुन्यानें डोळे भाजलेल्या एका मजुरावर पहिलें यशस्वी रोपण केलें. एका मुलाचा दुखापतीमुळें काढावा लागलेला डोळा त्यासाठीं उपयोगी पडला. आतां केराटोकोनसमध्यें सबंध पडदा न बदलतां, रोग्याचा आंतला निरोगी थर तसाच ठेवून पुढचे थर तेवढे बदलतां येतात. त्यामुळें शरीरानें कलम नाकारण्याचा मोठा धोका टळतो. रोपणानंतर महिनोन् महिने थेंब, आणि जन्मभर जागरूकता लागते. डोळा लाल होणें, दुखणें, उजेड असह्य होणें किंवा दृष्टि मंदावणें यांपैकीं कांहींही घडलें तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहूं नये.

रोपणाला पडदा लागतो, आणि तो मृत माणसाच्या दानांतूनच मिळतो. मृत्यूनंतर साधारण सहा तासांच्या आंत तो काढून घ्यावा लागतो. तोंवर पापण्या मिटून त्यांवर ओला कापूस ठेवावा, पंखा बंद करावा, डोक्याखालीं उशी द्यावी व नेत्रपेढीला कळवावें. चष्मा असलेल्यांचे किंवा मोतीबिंदु काढलेल्यांचे डोळेही उपयोगी पडतात.

दोन प्रसंग आणखी सांगितले पाहिजेत. वाढलेल्या रोगांत कधीं कधीं पडद्याचा आंतला थर एकाएकीं फाटतो, द्रव पडद्यांत शिरतो, आणि डोळा दुखून बुबुळावर पांढरें सावट येतें. दृश्य भीतिदायक असतें. परंतु बहुधा कांहीं आठवड्यांत तें ओसरतें, आणि मागें राहिलेल्या व्रणाप्रमाणें पुढचा विचार करावा लागतो. दुसरा प्रसंग घरच्या हौसेचा. लग्न ठरत आलें, चष्मा नको, म्हणून लेसरनें नंबर घालविण्याची घाई होते. त्या क्रियेंत स्वच्छमंडलाचा भाग कोरून काढतात. ज्याचा पडदा आधींच सैल आहे त्याचा शंकु यानें झपाट्यानें वाढतो. यास्तव आधीं डोळ्याचा नकाशा पाहिल्यावांचून त्या वाटेला जाऊं नये. आणि नकाशा पाहून वैद्यानें नाहीं म्हटलें, तर दुसरीकडे होकार शोधीत हिंडूं नये.

आतां पुन्हां त्या गच्चीवरच्या घराकडे वळावें. मुलाचा नकाशा निघाला तेव्हां उजवा डोळा बराच पुढें गेलेला होता, आणि डावा नुकता त्या वाटेला लागला होता. डाव्याची वाढ क्रॉस-लिंकिंगनें थांबली. उजव्याचा पडदाही त्याच उपचारानें घट्ट केला, परंतु त्या डोळ्याला आतां कडक लेन्सच लागते. पहिली लेन्स घातली त्या दिवशीं तो पंधरा मिनिटें पाणी गाळीत बसला, आणि मग समोरच्या इमारतीवरील पाटी वाचूं लागला. शाळेंत त्याला पुढच्या बांकावर जागा मिळाली. रात्रीं दुचाकी चालवावयाची नाहीं, हें त्यानें कुरकुरत कां होईना मान्य केलें. वडिलांनीं चंद्राचा विषय पुन्हां काढला नाहीं. मुलाच्या तपासणीचे कागद मात्र ते आतां स्वतः तारीखवार लावून ठेवतात.

वैद्यानें शेवटीं विचारलें, "घरांत आणखी कोणी डोळे चोळतें का?" तेव्हां आईची मान आपोआप धाकटीकडे वळली. तिला एकच चंद्र दिसत होता, वाचतांना अडचण नव्हती, तक्रार कसलीच नव्हती. तरी नकाशा काढला. आणि एका डोळ्याच्या खालच्या बाजूला, अजून दृष्टीला न जाणवणारा, बांक दिसला. तिच्या खाजेवर औषध सुरू झालें, हात डोळ्याकडे जातांच घरचे तिला हांक मारूं लागले, आणि दर सहा महिन्यांनीं तपासणी ठरली. बांक वाढलाच तर तो थांबविण्याची वेळ तिच्या बाबतींत हातची गेलेली नसेल. तिच्या दादाच्या उजव्या डोळ्याला तीच वेळ मिळाली नव्हती.